स्पितीसारखा जमीन कायदा गोव्यात हवा की नको?

डिचोलीकर: यंदा हिमाचलातल्या स्पितीला जाऊन आलो. काझा सुमारे 3,650 मीटरवर, पाऊस नावापुरता, डोंगर उघडेबोडके आणि मध्येच मटार-सातूची हिरवी शेतं. बर्फाचं पाणी कूल म्हणजे पाटाने गावच्या टाकीत येतं. रात्रभर साठवायचं, सकाळी तोंड उघडायचं, संध्याकाळी टाकी रिकामी झाली की बुजवायचं. ही जमीन परक्याच्या हाती सहज जात नाही. हिमाचलच्या 1972 च्या कायद्यातलं कलम 118 सरकारी परवानगीशिवाय बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेऊ देत नाही. आदिवासी जमिनीसाठी 1968 चा कायदा आणखी कडक. आणि आपल्या पेडणे तालुक्यात जमिनींचं काय चाललंय? गोव्याला असा कायदा हवाच.

सांगेकर: साफ अमान्य. स्पितीत जमीन थोरल्याला आणि धाकटे मठात, ही जुनी रीत. पाण्यावर पहिला हक्क ‘बडा घर’ म्हणवणाऱ्या घराण्यांचा, बाकीच्यांनी थांबायचं. आपल्या कोमुनिदादींत, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीच्या संस्थांतही गावकाराचा हक्क जन्मानेच मिळतो. घाम गाळणाऱ्या कुळाला मालक व्हायला कूळ कायद्यात 1976 ची दुरुस्ती यावी लागली. आता कुठे सातबारा, म्हणजे आपला एक-चौदा, त्याच्या नावावर आलाय, आणि तुम्ही म्हणता विकू नको! पोरांचं शिक्षण, आईचं आजारपण कशातून करायचं त्याने?

डिचोलीकर: घराण्यांची मिरास मलाही नको. पण खाजन, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतीचं काय? एकाने शेत विकलं, घेणाऱ्याने मानशीकडे, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराकडे ढुंकूनही पाहिलं नाही, तर बांध फुटून खारं पाणी शेजाऱ्याच्या भातातही शिरतं. न विकणाऱ्याने काय करायचं?

म्हादईकाठचा: भातशेतीपुरता असा कायदा गोव्याने 2023 मध्ये केलाय. खरी मेख डोंगरउतार आणि भरडात, म्हणजे वरच्या कोरड्या जमिनीत आहे, तिथे झोन (जमिनीचा ठरवलेला वापर) बदलून मिळतो. ही मुभा देणाऱ्या नगर नियोजन कायद्याच्या कलम 39अ वर बोला.

सांगेकर: झोन बदलायला माझाही विरोधच. तो फायदा बिल्डरचा, कुळाचा नव्हे. पण विक्रीबंदी घालायची तर बांधाची डागडुजी सरकारी खर्चाने आणि भाताला परवडेल असा दर, हे आधी लिहून द्या. पडीक शेताला नुसतं कुलूप घालून भात उगवत नाही.

डिचोलीकर: दर आणि बांध दोन्ही मान्य. पण ‘आधी’ मान्य नाही. तोवर विकायला शेत उरणार नाही.