मे महिन्यात आई-बाबांना घेऊन स्वित्झर्लंड-पॅरिस: शेतीच्या कागदांवर व्हिसा आणि सोबतचं चलन, सल्ला द्या

संत्रापट्टा_वरुड:
नमस्कार मंडळी. आई (६४), बाबा (६९), मी आणि बायको असे चौघं येत्या मे महिन्यात जाणार आहोत. स्वित्झर्लंडला सहा रात्री, पॅरिसला चार. विमान पॅरिसला उतरतं. बाबांची सात एकर शेती, संत्रा आणि कपाशी. त्यांचं आयकर रिटर्न भरलेलं नाही, खातं जिल्हा बँकेत. अर्ज कोणत्या देशाकडे करायचा, शेतीचं उत्पन्न कसं दाखवायचं आणि पैसे कोणत्या रूपात न्यायचे?

पांदण_रस्ता:
भाऊ, दोन्ही देशांना एकच शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक) चालतो, अर्ज स्वित्झर्लंडकडेच. जिथं रात्री जास्त, तो देश मुख्य. विमान कुठं उतरतं हे फक्त रात्री सारख्या असल्या तरच पाहतात. फ्रान्सच्या व्हिसा केंद्रात भेटीची तारीख लवकर मिळते म्हणून तिकडे अर्ज टाकू नका, हॉटेलच्या बुकिंगवरून लगेच कळतं.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा १५ दिवस आधी. निर्णयाला साधारण १५ दिवस, शंका आली तर ४५ पर्यंत. मेसाठी फेब्रुवारीअखेर कागद तयार पाहिजेन.

आता शेतीचं. रक्कम किती यापेक्षा ती कुठून आली हे खात्यात दिसणं महत्त्वाचं. अर्जाच्या आठ दिवस आधी कुणाकडून चार लाख आणून भरले की तोच अर्जाचा कच्चा दुवा होतो. संत्र्याचा मृग बहार (पावसाळ्याच्या सुरुवातीला फुलणारा) फेब्रुवारी-मार्चमध्ये तुटतो. बाग ठोक दिली असेल तर व्यापाऱ्याला आताच सांगा, इसारासकट सगळी रक्कम आरटीजीएसनं खात्यात टाक म्हणून. कापूस सीसीआयला (सरकारी कापूस महामंडळ) दिला असेल तर पैसा थेट खात्यात येतोच. त्या नोंदीसमोर बाजार समितीची पावती आणि हिशेबपट्टी लावा. तारीख आणि रक्कम जुळली की पाहणाऱ्याला दुसरं काही विचारावं लागत नाही.

सोबत डिजिटल सहीचा सातबारा (महाभूमीवर १५ रुपयांत निघतो), आठ-अ आणि तहसीलचा उत्पन्नाचा दाखला. तिन्हींचं इंग्रजी भाषांतर नोटरी करून. सातबारा भावंडांत सामाईक असेल तर बाबांचा हिस्सा किती हे अर्जासोबतच्या पत्रात एका ओळीत लिहा. भाषांतरकाराला पासपोर्टची झेरॉक्स द्या, काहून की तो नावाचं स्पेलिंग आपल्या मनानं करतो आणि मग पासपोर्टवर एक, सातबाऱ्यावर एक अशी दोन माणसं तयार होतात.

शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे आणि दुसरं उत्पन्न नाही, म्हणून रिटर्न नाही, हे पत्रात सरळ लिहा. खर्च तुम्ही करणार असाल तर तुमचं रिटर्न, पगाराच्या स्लिपा, बँक स्टेटमेंट आणि नात्याचा पुरावा जोडा. जिल्हा बँकेच्या पासबुकाची झेरॉक्स चालवू नका; छापील स्टेटमेंट, प्रत्येक पानावर शिक्का आणि सही.

कपाशी_सहा_बोंडं:
वरच्या भाऊंनी कागद नीट सांगितले, मी बोटांचं सांगते. व्हिसा केंद्रावर दहाही बोटांचे ठसे घेतात, त्यामुळे चौघांनाही मुंबई किंवा पुण्याला स्वतः जावं लागेल. मागच्या ५९ महिन्यांत शेंगेनसाठी ठसे दिलेले असतील तरच सूट. कापूस वेचून, निंदून आईच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. अंगठा रेशन दुकानातही उठत नाही, तोच प्रकार तिथं होतो. पंधरा दिवस आधीपासून रात्री हाताला ग्लिसरीन किंवा खोबरेल लावा, शेवटचा आठवडा विळा आणि फवारणी बंद. त्या दिवशी सकाळी हात साबणानं धुऊन कोरडे करा, तेलकट बोट मशीन घेत नाही. मेहंदी लावू देऊ नका.

फी मोठ्या माणसाला ९० युरो, रुपयांत भरायची, वर केंद्राचा सेवाशुल्क. व्हिसा नाकारला तरी परत मिळत नाही. विमा किमान ३०,००० युरोचा, जाण्यापासून येण्यापर्यंतचे सगळे दिवस धरून. बाबांना बीपी-शुगर असेल तर पॉलिसीत त्याचं काय लिहिलंय ते आधी वाचा. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीनंतर तीन महिने चालणारा आणि दोन पानं कोरी. आणि तिकीट रद्द होणारंच घ्या.

बुलडी_चौक:
चलनाचं. स्वित्झर्लंडमध्ये फ्रँक चालतो, पॅरिसला युरो. दोन्ही वेगळे घ्या. जिल्हा बँकेत हे मिळत नाही, नागपूरला परकीय चलनाच्या परवानाधारक विक्रेत्याकडे जा. विमानतळावरचा भाव महाग पडतो. पासपोर्ट, पॅन, व्हिसा, तिकीट लागतं आणि ए-टू फॉर्म (परकीय चलन घेण्याचा अर्ज) भरून घेतात. रोख रुपये ५०,००० पर्यंतच देता येतात, त्यावरची रक्कम खात्यातून. नोटांच्या रूपात एका प्रवासाला माणशी ३,००० डॉलरइतकंच, बाकी कार्डावर.

दुकानदाराला "फ्रँक काय भाव" असं विचारू नका. "५०० फ्रँकचे हातात एकूण किती रुपये" असं विचारा, म्हणजे कमिशन बाहेर येतं. जीएसटी वेगळा: एक लाखाच्या खरेदीला १८० रुपये, दोन लाखांना २७०. यापेक्षा जास्त लावला तर हिशेब मागा.

नोटा मोजताना फ्रँक नीट पाहा. जुनी आठवी मालिका ३० एप्रिल २०२१ पासून चलनातून बाद आहे, तिथला दुकानदार ती घेत नाही. ५० च्या नोटा मागा. २०० ची नोट कॉफीच्या दुकानात अडते. माणशी ३०० फ्रँक आणि २०० युरो रोख पुरे, तिथं कार्ड सगळीकडे चालतं. पण बँकेच्या कार्डावर परदेशी वापर मुळात बंद असतो, तो ॲपमधून सुरू करा. तिथल्या कार्डाच्या मशीननं "रुपयांत की फ्रँकमध्ये" विचारलं की फ्रँकच दाबा. रुपये दाबले की भाव दुकानाच्या मशीनवाली कंपनी ठरवते.

संत्रापट्टा_वरुड:
लय मदत झाली, भाऊ-ताई. आईच्या पासपोर्टवर ईसीआर (परदेशी नोकरीला जाताना सरकारी परवानगी लागते असा शेरा) आहे, त्यानं अडेल का? आणि उरलेल्या नोटांचं काय करायचं?

पांदण_रस्ता:
ईसीआर नोकरीसाठी ठराविक देशांत जाणाऱ्यांना आहे, फिरायला अडत नाही. व्हिसा हातात आला की तिथंच नाव, तारखा, दिवसांची संख्या वाचून घेजा. चूक केंद्रातून निघण्याआधी सांगितली तर दुरुस्ती सोपी.

बुलडी_चौक:
परत आल्यापासून १८० दिवसांच्या आत उरलेलं चलन विकायचं, २,००० डॉलरइतकं ठेवता येतं. खरेदीची पावती सांभाळा. नाणी मात्र इथं कोणी घेत नाही, ती शेवटच्या दिवशी स्टेशनवरच संपवा.