स्पिरिट म्हणजे स्फूर्ती नव्हे, कृपया!

शब्दखोर
एक फॉरवर्ड सगळीकडे फिरतोय: ‘इन्स्पिरेशन म्हणजे इन अधिक स्पिरिट, आपल्या आत झोपलेला आत्मा जागा होणे. स्पिरिट हा तर आपल्याच स्फूर्तीचा अपभ्रंश.’ खाली जोडलेल्या हातांची रांग. राहवलं नाही.

लॅटिन ‘स्पिरारे’ म्हणजे श्वास घेणे, फुंकणे. ‘इन्स्पिरारे’ म्हणजे आत फुंकणे, आणि फुंकणारा बाहेरचा असतो! रोमन कवी व्हर्जिलच्या ‘एनीड’ महाकाव्याच्या सहाव्या सर्गात अपोलो देव सिबिल या भविष्य सांगणाऱ्या बाईमध्ये थोर बुद्धी फुंकतो, क्रियापद हेच. जेरोमच्या लॅटिन बायबलात देव मातीच्या माणसाच्या तोंडावर प्राण फुंकतो, तिथेही हेच. माणूस नुसती बासरी, वाजवणारा वेगळा. आतला आत्मा आणला कुठून? स्फूर्ती आली स्फुर् धातूतून. बाहू स्फुरतात ते स्फुरण. त्यात श्वासाचा मागमूस नाही.

निवृत्त मास्तर
जन्मभर संस्कृत शिकवलं. पोरांना आपल्या भाषेचा अभिमान वाटेल असं काही दिसलं की तुमच्यासारख्यांच्या पोटात दुखतंच. लॅटिन ‘अनिमा’ आणि आपला ‘अन्’ धातू, ज्यातून प्राण आणि अनिल आले, हे एकच ना? मग स्पिरिटनेच काय घोडं मारलंय?

शब्दखोर
अनिमा आणि अन् भावंडं, बिनशर्त मान्य. पण भावंड म्हणजे लेक नव्हे, मास्तर. आणि तुम्हाला श्वासच हवा असेल तर श्वस् धातूचं लॅटिन भावंड स्पिरारे नाही, ‘क्वेरोर’ आहे. अर्थ, ‘मी कुरकुरतो’. इंग्रजी ‘क्वॉरल’ त्यातूनच आला. टाका फॉरवर्डमध्ये.

खवट
म्हणजे धागा व्युत्पत्तीला धरूनच चाललाय म्हणायचा.

स्टेथो
आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात: इन्स्पिरेशन म्हणजे श्वास आत, एक्स्पिरेशन म्हणजे बाहेर. डायफ्रॅम, म्हणजे छाती आणि पोटामधला स्नायूचा पडदा, खाली जातो, छातीतला दाब कमी होतो, हवा शिरते. बाहेरून कुणी फुंकत नाही. फुंकतो तो व्हेंटिलेटर. मूळ अर्थ शरीराचा, देवबीव मागाहून चिकटवले.

शब्दखोर
लॅटिनात तसं असेल, इंग्रजीत उलटं झालंय डॉक्टर. तिथे हा शब्द १३०० च्या सुमारास आला तो दैवी प्रेरणेच्या अर्थाने. श्वास घेण्याचा अर्थ सोळाव्या शतकातला.

सांगलीकरीण
एक्स्पिरेशन निघालंच आहे तर बोलते. मामंजी अॅडमिट होते. पहाटे काउंटरवरून फोन, ‘तुमचा पेशंट एक्स्पायर झाला, येताना बिलाचं बघा.’ माणूस होता की खोकल्याच्या औषधाची बाटली? ‘वारले’ म्हणायला जीभ झडते का?

स्टेथो
एक्स्पायर म्हणजे शेवटचा श्वास सोडणे. लॅटिनमध्येही ‘एक्स्पिरारे’चा मरणे हा अर्थ होताच. मुदतीचा अर्थ त्यावरून आला. बाटलीने शब्द माणसाकडून घेतलाय, माणसाने बाटलीकडून नाही.

सांगलीकरीण
व्वा! मामंजी लॅटिनमध्ये गेले, आम्ही पेढे वाटायचे.

निवृत्त मास्तर
ताई, अगदी बरोबर. हे सगळं इंग्रजी माध्यमाचं पाप. आमच्या सोसायटीच्या फळ्यावरसुद्धा हल्ली ‘एक्स्पायर्ड’ लिहितात. कैलासवासी, देवाज्ञा झाली, किती शब्द आहेत आपल्याकडे!

खवट
कैलासवासी म्हटल्यावर बिल माफ होतं का, मास्तर?

स्टेथो
इथे सगळ्यांना शब्द सुचतायत. रात्रभर झटून पेशंट गेला की बाहेर उभ्या नातेवाइकांना काय म्हणायचं ते एकदा सांगून बघा. एक्स्पायर हा शब्द तेवढ्यापुरता आडोसा देतो. मी एकदा सरळ ‘गेले’ म्हणालो होतो, मुलाने कॉलर धरली.

सांगलीकरीण
फोनवर तुम्ही नव्हता. काउंटरवरचा होता, तो कुणासाठी झटला होता? डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं असतं तर कुठलाही शब्द चालला असता.

स्टेथो
बिलाचं त्या दमात बोलायला नको होतं, एवढं मान्य. शब्दाबाबत माघार नाही.

शब्दखोर
धागा इन्स्पिरेशनचा आहे हो! एक्स्पायरचा वेगळा काढा.

खवट
तुमच्या धाग्यात प्राण फुंकायला बाहेरचंच कुणी लागणार होतं. तुम्हीच म्हणालात.

निवृत्त मास्तर
शेवटचं सांगतो. विश्वास आणि आश्वासन, दोन्ही श्वस् धातूचे. धाकधूक संपून मोकळा श्वास घेता येतो तो विश्वास. असं काही जमलं का तुमच्या लॅटिनला?

शब्दखोर
जमलं की. ‘कॉन्स्पिरारे’, एकत्र श्वास घेणे. त्याचा अर्थ एकदिलाने वागणे असाही होतो आणि कट करणे असाही. इंग्रजांनी त्यातला कट तेवढा जपला. विश्वास त्याहून देखणा, दिला तुम्हाला. फॉरवर्ड तरीही भंपक.

निवृत्त मास्तर
ठीक. पुढे पाठवताना ‘अपभ्रंश’ खोडून ‘भावंड’ घालतो.

शब्दखोर
स्पिरिट आणि स्फूर्ती भावंडंसुद्धा नाहीत, मास्तर!!