औषध दिलं त्याच दिवशी प्रार्थना शिकवावी का? (गडचिरोलीतून एक प्रश्न)

वसईची लेक

नमस्कार. मी वसईची, कॅथलिक, पेशाने नर्स. दोन वर्षांपासून नवरा आणि सात वर्षांचा मुलगा यांच्यासह धानोरा तालुक्याच्या बाजूला एका गावात राहते. आम्ही फादर नाही, नन नाही. आमच्याकडे अशा संसारी माणसांना 'प्रापंचिक' म्हणतात. तीन वर्षांसाठी आलोय. नवरा मोटारपंप, वायरिंग दुरुस्त करतो आणि संध्याकाळी मुलांचं गणित घेतो. मी तपासण्या, पट्ट्या, गरोदर बायांची विचारपूस बघते. इथे मला सगळे 'सिस्टर' म्हणतात, दवाखान्यातल्या अर्थाने. मी चर्चला जाते हे कळल्यावर काहींना मी नन वाटले आणि मग नन बाईला मूल कसं, हा प्रश्न बरेच दिवस गावात फिरला. संसार करणारं माणूसही मिशनच्या कामाला येतं, हे इथे कुणी पाहिलेलंच नव्हतं.

आता मुद्दा. शेजारच्या आजींच्या नातीला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत पोर दिवसभर आईबरोबर बांधीत भिजली आणि रात्री तिचे हातपाय ठणकायला लागले, ताप चढला. रात्रभर पाणी पाजत, अंग गरम ठेवत बसलो आणि उजाडताच गाडी करून जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं. गाडीचे पैसे आम्ही दिले. चार दिवसांनी पोर परत आली. त्याच संध्याकाळी आजी आमच्या ओसरीत येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "बाई, तुमी दोघं दिव्यापाशी बसून रोज काय म्हनता? मलेबी शिकवा. तुमचा देव पावते."

मी म्हटलं, "आजी, नातीला डॉक्टरांनी आणि सलाईननं बरं केलं. प्रार्थनेचं नंतर बघू."

आजी काही बोलल्या नाहीत. थोडा वेळ बसल्या आणि उठून गेल्या. तीन आठवडे झाले, पुन्हा तो विषय त्यांनी काढलेला नाही. मला मात्र झोप लागत नाही. आमच्या चर्चमधली एक मैत्रीण म्हणते, दार उघडलं होतं आणि तूच लावून घेतलंस. गावातला एक शिकलेला मुलगा म्हणतो, बरं केलं, पण मुळात दिव्यापाशी क्रूस ठेवताच काहून?

माझं मत असं झालंय. त्या दिवशी 'नाही' म्हटलं ते बरोबर होतं. ज्या हाताने गोळी दिली त्याच हाताने, त्याच संध्याकाळी देव देऊ नये. पण 'नंतर बघू' म्हणून आजींना वाटेला लावलं, ते चुकलं. त्यांनी मला माणूस समजून काही विचारलं होतं आणि मी त्यांना पेशंटसारखं उत्तर दिलं. तुम्हाला काय वाटतं? मनातलं स्पष्ट लिहा.

वर्ध्याचे गुरुजी

ताई, तुमच्या कामाला नमस्कार. पण मी तुमच्याशी असहमत आहे, आणि तेही तुमच्या 'नंतर' या शब्दाशीच. नंतरसुद्धा शिकवू नका.

मी वर्धा जिल्ह्यात वाढलो. आमच्या शेजारी दत्तपूर आहे. मनोहरजी दिवाणांनी १९३६ साली तिथे कुष्ठरोग्यांची सेवा सुरू केली. सेवाग्रामला कुष्ठरोग झालेले परचुरेशास्त्री आले तेव्हा गांधीजी स्वतः त्यांच्या अंगाला मालिश करत. बाबा आमट्यांनी १९४९ साली वरोऱ्याला आनंदवन उभं केलं आणि १९७३ साली तुमच्याच जिल्ह्यात हेमलकशाचं काम सुरू झालं. यातल्या कुणालाही सेवेच्या टोकाला देवाचं नाव बांधावं लागलं नाही. ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या सेवेबद्दल गांधीजींना आदर होता; आक्षेप होता तो तिच्या आड धर्मांतराचा हेतू ठेवण्याला.

तुम्ही म्हणता गोळीचा हात वेगळा आणि प्रार्थनेचा वेगळा. आजींना हात एकच दिसतो. आज दिलं काय आणि तीन महिन्यांनी दिलं काय, नात वाचली ही गोष्ट त्या विसरणार नाहीत. उपकाराखाली असलेल्या माणसाचा होकार हा होकार नसतो.

अर्नाळ्याचा

मीही वसईकडचाच, कॅथलिक, दोन मुलांचा बाप. गुरुजींचं म्हणणं आदराने वाचलं. पण मला वाईट वाटलं ते ताईंच्या उत्तराचं.

आजींनी मागितलं होतं. तुम्ही त्यांच्या घरी जाऊन पत्रकं वाटली नव्हती. बायबलमधल्या पेत्राच्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात काय सांगितलंय? तुमच्या आशेचं कारण कुणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेने आणि आदराने. पोप पॉल सहावे यांनी १९७५ साली लिहिलं की जगून दाखवणं पहिलं, पण तेवढ्यावर भागत नाही, कधीतरी येशूचं नाव घेऊन सांगावं लागतं. तुम्ही तर विचारल्यावरही गप्प बसलात.

आणि श्रद्धा सांगणं हे फादर-सिस्टरांचं काम, आपण आपलं इंजेक्शन द्यावं, ही समजूत आपल्या लोकांतून जायला हवी. कोरियातली ख्रिस्तसभा फादरांनी सुरू केली नाही. एक तरुण विद्वान बीजिंगला गेला, १७८४ साली बाप्तिस्मा घेऊन परत आला आणि त्याने व त्याच्या मित्रांनी घराघरांत सुरुवात केली. जपानमध्ये धर्मगुरूंना बंदी होती तेव्हा दोनशेहून अधिक वर्षं शेतकऱ्यांनी, मासेमाऱ्यांनी आई-बापाकडून मुलांकडे प्रार्थना पोचवल्या. जगभरातल्या मिशनला पैसा पुरवणारी मोठी संस्था १८२२ साली ल्यों शहरातल्या पोलीन जारिको या अविवाहित प्रापंचिक बाईच्या धडपडीतून उभी राहिली; ती गिरणी कामगार मुलींकडून आठवड्याला एकेक नाणं गोळा करायची. हे सगळे फादर-सिस्टर नसलेले, साधे लोक. त्यांनी 'नंतर बघू' म्हटलं असतं तर?

ताई, आजींना तुम्ही दुबळ्या समजलात. त्यांना स्वतःचं डोकं आहे.

जोहार धानोरा

जय सेवा.

मी गोंड आहे. आमच्याकडे भेटल्यावर 'जय सेवा' म्हणतात. सेवा हा शब्द इथे कोणी बाहेरून आणला नाही, हे आधी सांगतो.

अर्नाळ्याचे भाऊ, आजींना डोकं आहे हे खरं. पण तुम्ही धर्म म्हणजे एकट्या माणसाच्या मनातली गोष्ट धरून चालता. आमच्यात तसं नाही. आमची सगा, म्हणजे कुळांची गटवारी, देवांच्या संख्येवर आहे: चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे. कोणाची सोयरीक कोणाशी होईल, हे त्यावर ठरतं. माणूस मेला की त्याला पेनांमध्ये, म्हणजे आमच्या देव-पूर्वजांमध्ये, मिळवायचं असतं, त्याला सगळे सगेसोयरे लागतात. एका आजीने दुसरी प्रार्थना धरली तर उद्या नातीची सोयरीक कुठे करायची, आजी गेल्यावर तिचे विधी कोण करणार, हा प्रश्न आख्ख्या गावासमोर येतो. तीन वर्षांनी ताई वसईला परत जातील. तो प्रश्न इथेच राहील.

दुसरी गोष्ट. संस्कृती ओलांडून आलो असं वाटणाऱ्यांनी भाषेकडे बघावं. ताई, तुमची प्रार्थना मराठीत आहे ना? मराठीसुद्धा आमच्याकडे शाळेतून आली. माझ्या आजीला ती अजून नीट येत नाही. मोहगावच्या ग्रामसभेने गोंडी माध्यमाची शाळा काढली, ती याच दुखण्यातून. दोन वर्षांत तुम्ही गोंडी किती शिकलात?

मी तुमच्यावर रागावलेलो नाही. पोर वाचवली, त्याबद्दल आभार. पण क्रूस ठेवा किंवा ठेवू नका, ते तुमचं घर आहे. गावाला विचारल्याशिवाय गावात देव आणू नका.

दीक्षाभूमीजवळची

मी नागपूरची, बौद्ध. जोहार भाऊंचं दुःख मला कळतं, तरी त्यांच्या एका वाक्यापाशी मी अडले: 'गावाला विचारल्याशिवाय'.

आमच्या आज्या-पणज्यांनी गावाला विचारलं असतं तर त्या अजूनही गावकुसाबाहेरच असत्या. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांसोबत लाखो लोकांनी धर्म बदलला, तो गावाची परवानगी घेऊन नाही. गाव म्हणजे नेहमीच आसरा नसतो. त्यामुळे आजीला एकटीने काही ठरवायचा हक्क नाही, हे मी मान्य करणार नाही.

एक जुनी गोष्ट आठवली. आपला विदर्भ तेव्हा मध्यप्रदेशात होता. त्या सरकारने १९५४ साली ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला समिती नेमली. अध्यक्ष नागपूर हायकोर्टाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी. अहवाल १९५६ साली आला आणि तो मिशनऱ्यांविरुद्ध कडक होता. शाळा-दवाखान्यांचा उपयोग धर्मांतरासाठी होऊ नये, असं त्यात बजावलं होतं. त्याच वर्षी त्याच नियोगींनी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. म्हणजे धर्म बदलणं त्यांना मान्य होतं. गरजेचा फायदा घेऊन बदलवणं मान्य नव्हतं. मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो, आणि या चर्चेत तो दोन्हीकडून पुसला जातोय.

कायद्याचं सांगते. घटनेच्या कलम २५ मध्ये धर्माचा प्रसार करण्याचा हक्क आहे. १९७७ साली सुप्रीम कोर्टाने त्याचा अर्थ लावला: आपल्या धर्माची शिकवण सांगता येईल, पण दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. सांगणं तुमचं, ठरवणं तिचं. ताई, तुम्ही सांगितलंसुद्धा नाही. का? आजी ठरवू शकणार नाही असं वाटलं म्हणून, की गावाची भीती वाटली म्हणून? पहिलं कारण असेल तर ते मला खटकतं.

यवतमाळचा पोट्टा

मी जास्त शिकलेलो नाही, पन या गोष्टीतून गेलो हाये म्हनून लिहितो. पाचवी ते धावी मी एका मिशनच्या बोर्डिंगात होतो. नाव सांगत नाही, कोनाचं वाईट करायचं नाही मले.

तिथं मले कोनी कधी धर्म बदल म्हटलं नाही. पन रविवारी जे पोरं प्रार्थनेले बसत, त्याइले दुपारी गोड भेटे. जे नाही बसत, त्याइले नाही भेटे. मी बसो. शिऱ्यासाठी बसो. बारा वर्साच्या पोराले अजून काय समजते? आता मी दोन लेकराइचा बाप हाये, पन त्या शिऱ्याची आठवन आली का अजून लाज वाटते. लाज माही नसाले पाह्यजे, हे समजते. तरी वाटते.

अन् त्याच बोर्डिंगात एक सर होते. फादर नाही, बायकोपोरंवाले. मी गनितात दोनदा नापास झालो तं त्याइनं मले रोज रात्री आपल्या घरी बसवलं. गळ्यात क्रूस होता त्याइच्या. एक दिवस मीच इचारलं, सर हे काय हाये. त्याइनं सांगतलं, अर्धा घंटा सांगतलं, मंग म्हनाले, आता उदाहरन सोडव. दुसऱ्या दिवशी मी प्रार्थनेले नाही गेलो, तरी त्याइचं घर माह्यासाठी तसंच उघडं होतं. मी आज बी हिंदूच हाये. पन येशू म्हटलं का मले ते सर आठोतात, शिरा नाही आठवत.

गुरुजी, तुमी म्हनता उपकाराखाली खरा होकार येत नाही. पन मी सराले नाही म्हटलं होतं. अन् त्याइनं ते चालवून घेतलं. आजीले बी नाही म्हनता आलं पाह्यजे, अन् नाही म्हटल्यावर बी गोयी तशीच भेटली पाह्यजे. हे आजीले पक्कं ठाऊक असलं, तं मंग सांगा जे सांगायचं ते.

वर्ध्याचे गुरुजी

भाऊ, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. तुमच्या सरांसारखी माणसं असतात, हे मी नाकारत नाही. पण नियम सरांसारख्यांना डोळ्यासमोर ठेवून करता येत नाही, तो शिरा वाटणाऱ्यांना डोळ्यासमोर ठेवून करावा लागतो. म्हणून माझं मत तेच राहील: सेवा करणाऱ्याने देवाबद्दल मौन पाळावं.

वसईची लेक

सगळ्यांचं वाचलं. काही गोष्टींवर दोन दिवस विचार केला.

दीक्षाभूमीच्या ताईंनी विचारलेलं कारण: दोन्ही होती. गावाची भीती होती आणि आजींना समजणार नाही असंही कुठेतरी वाटलं होतं. हे लिहिताना त्रास होतो, पण खरं आहे.

गुरुजी, मौनाचं मला पटत नाही. मी इथे का आले हे मी लपवलं तर तीही फसवणूकच. मी येशूमुळे आले. विचारलं तर तसं सांगेन. न विचारता सांगणार नाही. आणि शिऱ्याबद्दल जे वाचलं, ते मी आमच्या फादरांना आणि पुढच्या महिन्यात येणाऱ्या नव्या जोडप्याला वाचून दाखवणार आहे, शब्द न बदलता.

अर्नाळ्याचे भाऊ, आपल्या कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली मिशनकार्याबद्दल लिहिलं, त्यात कुणालाही बळजबरीने वा आडमार्गाने श्रद्धेकडे ओढायला सक्त मनाई आहे. आणि ज्या लोकांत राहता त्यांच्या परंपरा जाणून घ्या, देवाने तिथे आधीच काय पेरलंय ते शोधा, असंही आहे. मी दोन वर्षांत नातीचं रक्त तपासलं, पण आजींना त्यांच्या पेनाबद्दल एकदाही विचारलं नाही. मग त्यांनी माझ्या देवाबद्दल विचारलं, तेव्हा आमच्यापैकी खरी मिशनरी कोण होती?

जोहार दादा, भाषेचा प्रश्न लागला. आमच्याकडे आम्ही थॉमस स्टीफन्सचं नाव अभिमानाने घेतो. इंग्लंडहून गोव्याला आला आणि त्याने मराठी ओवीत ख्रिस्तपुराण लिहिलं, १६१६ साली छापलं, जवळजवळ अकरा हजार ओव्या. मी वसईहून आले, मराठी बोलले आणि समजले की पोचले. गोंडी मला वीसेक शब्द येतात: पाणी, दुखतंय का, कुठे दुखतंय, असले. घरी मराठीशिवाय वेगळी बोली असणं म्हणजे काय, हे आम्हा वसईकरांना तरी सांगावं लागायला नको होतं.

आजींकडे उद्या जाणार आहे. आधी माफी मागेन. मग त्यांच्या देवाचं विचारेन. त्यांनी पुन्हा विचारलं तर माझ्या देवाचं सांगेन, आणि हेही सांगेन की ऐका किंवा ऐकू नका, नातीच्या गोळ्या दर महिन्याला येतील. आणि ग्रामसभेत उभी राहून आम्ही कोण, कशाला आलो, कोणाच्या पैशावर आलो, ते सांगेन. दोन वर्षं उशीर झालाय.

अर्नाळ्याचा

ताई, 'पुन्हा विचारलं तर' हे मला अजूनही कमी वाटतं. पण जा. मी आणि बायको रोजरीच्या प्रार्थनेत आजींच्या नातीचं नाव घेतोय.

जोहार धानोरा

ग्रामसभेत जा ताई. मी माझं मत बदललेलं नाही. आजीने तुमची प्रार्थना धरू नये असंच मला वाटतं, आणि माझ्या गावात असती तर मी तिला तसं सांगितलं असतं. नागपूरच्या ताईंनी गावाबद्दल लिहिलं ते खरं आहे, त्यावर माझ्याजवळ आज उत्तर नाही; आमचं गाव वेगळं आहे एवढं म्हणून भागणार नाही.

एक सांगतो. सभेत जाल तेव्हा खुर्ची देतील, ती घेऊ नका. बायांमध्ये खाली बसा. बोलायचं ते कोणाकडून तरी गोंडीत करून घ्या. आणि औषधाची पिशवी घरी ठेवून जा.

वसईची लेक

ठेवते. बीपीचं मशीनसुद्धा.