विषय: निवृत्तीनंतर गप्प झालेले बाबा

नमस्कार मंडळी,

बाबांना विचारूनच हे लिहिते आहे. ६२व्या वर्षी कंपनीच्या नोकरकपातीत त्यांची नोकरी गेली. मेडिकेअर, म्हणजे इथला अमेरिकेतला सरकारी आरोग्यविमा, ६५ला, त्यामुळे मधली वर्षं विम्याच्या काळजीत गेली. आता तसं सगळं मार्गी लागलंय, तरी पहाटे तीनला उठून बसतात, दोन घास खाऊन ताट सारतात. गणपतीत आरतीला पेटी वाजवायचे, यंदा आलेच नाहीत. आई म्हणते, "जन्मभर राबले, करू दे आराम." मला हा आराम वाटत नाही. कुणाला असा अनुभव आहे का?

– एक सभासद

*

उत्तर:

अगं, तुझी शंका रास्त आहे. मी वृद्धांवरच उपचार करत आले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

या वयातलं डिप्रेशन रडून दिसेलच असं नाही. आपल्या पिढीतले पुरुष "उदास वाटतं" म्हणत नाहीत. पाठ दुखते, पोट साफ होत नाही, झोप नाही, असं सांगतात. कधी विसराळूपणा इतका वाढतो की घरच्यांना डिमेन्शियाची शंका येते.

आपल्या मर्जीनं नोकरी सोडणं वेगळं आणि काढलं जाणं वेगळं. दुसऱ्यात धोका जास्त. जोडीदार जाणं, हृदयविकार, पक्षाघात, मधुमेह, सततचं दुखणं, पूर्वी येऊन गेलेलं डिप्रेशन, ही बाकीची कारणं. एका कारणाकडे मात्र घरोघरी दुर्लक्ष होतं, ते म्हणजे ऐकू कमी येणं. पंगतीत सगळे का हसले ते कळेनासं झालं की माणूस हळूहळू पंगतीलाच यायचा थांबतो. बाबांचे कान तपासून घे. मूळ मेडिकेअर श्रवणयंत्राचे पैसे देत नाही, पण सौम्य ते मध्यम बहिरेपणासाठी ऑक्टोबर २०२२पासून चिठ्ठीशिवाय यंत्रं मिळतात.

फॅमिली डॉक्टरांकडे थायरॉइड आणि बी-१२ जीवनसत्त्व बघायला सांग. आपल्यातले कितीतरी जण शाकाहारी, त्यात वर्षानुवर्षं मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणारे. दोन्हींनी बी-१२ कमी होऊ शकतं. मेडिकेअर पार्ट बीमध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या भेटींच्या भागात, डिप्रेशनची तपासणी वर्षातून एकदा मोफत असते. बऱ्याच ठिकाणी पीएचक्यू-९ वापरतात, म्हणजे गेल्या २ आठवड्यांबद्दल ९ प्रश्न. त्या वेळी तू आणि आई बाहेर थांबा. लेकीसमोर बाप खरं सांगत नाही.

आणि जगणं नकोसं वाटतं का, हे सरळ विचार. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. अमेरिकेत आत्महत्येचं प्रमाण सर्वांत जास्त आहे ते पंचाहत्तरी ओलांडलेल्या पुरुषांमध्ये. तशी वेळ आलीच तर ९८८ या संकटकाळच्या मदतक्रमांकाला फोन कर, चोवीस तास कुणीतरी असतं, दुभाषाही मागता येतो.

– तुझी डॉक्टर मावशी

*

उत्तर:

डॉक्टरताईंनी लिहिलं ते मी भोगलंय, म्हणून दोन ओळी.

गोळ्या सुरू केल्यावर लगेच फरक पडत नाही. मला काही आठवडे लागले आणि मधेच त्या सोडाव्याशा वाटल्या. बाबांना तसं वाटलं तर आधी डॉक्टरांशी बोलायला सांग. सोबत एका समुपदेशकाकडेही जात होतो, त्याचाही फार उपयोग झाला.

त्या काळात "एखादा छंद जोपासा" असं कुणी म्हटलं की संताप यायचा. नोकरीत असताना लोक अडचण घेऊन माझ्याकडे यायचे. ते थांबलं, आणि सकाळी दाढी कुणासाठी करायची हा प्रश्न पडू लागला.

म्हणून आपल्या मंडळाच्या समितीला कळकळीची विनंती: ज्येष्ठांना पहिल्या रांगेत बसवून शाल-श्रीफळ देण्यापेक्षा जबाबदारीचं काम द्या. हिशेब, ध्वनियंत्रणा, मराठी शाळेतली वरच्या इयत्तेची मुलं, काहीही. आणि एखादा दोनदा आला नाही तर तिसऱ्यांदा त्याच्या घरी जा.

ताई, बाबांचा नंबर मला वेगळ्या मेलनं पाठव. शनिवारी शाळेचं सामान हलवायचंय, त्यांना घ्यायला मी गाडी घेऊन येतो. नको म्हणाले तर पुढच्या शनिवारी पुन्हा विचारीन.

– शाळेचे काका