ग्रॅच्युइटीचा हिशोब : 26 की 30?

प्रश्न असा होता : नोकरी सोडल्यावर ग्रॅच्युइटी (सेवेच्या वर्षांनुसार कंपनीने द्यायची एकरकमी रक्कम) किती मिळायला हवी, कंपनीचा हिशोब बरोबर आहे का? प्रश्नातलेच आकडे घेतो : नोकरी 7 वर्षे 8 महिने, मूळ पगार अधिक महागाई भत्ता 26,000, राजीनामा मार्च 2025. म्हणजे 1972 चाच ग्रॅच्युइटी कायदा. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेली सामाजिक सुरक्षा संहिता इथे मध्ये आणू नका.

एचआरने 30 ने भागून, 7 वर्षे धरून 91,000 काढलेत. दोन्हीकडे चूक. दर वर्षाला 15 दिवसांचा पगार मिळतो आणि एका दिवसाचा पगार काढताना मासिक पगारदाराला भागाकार 26 चाच, आणि शेवटच्या वर्षात सहा महिन्यांच्या वर भरले की ते पूर्ण वर्ष. म्हणून 26,000 × 15 ÷ 26 × 8 = 1,20,000. फरक 29,000 चा.

काही जण म्हणतात की राजीनामा दिला की ग्रॅच्युइटी बुडते. पाच वर्षे भरली असतील तर नाही. बुडते (पूर्ण किंवा अंशतः) ती गैरवर्तनाच्या ठराविक कारणांवरून कामावरून काढलं तर. 'नोटीस पिरियड पूर्ण केला नाही' हे त्यात बसत नाही, कंपन्या मात्र हेच कारण सर्रास पुढे करतात.

नमुना 'आय' (कंपनीकडे ग्रॅच्युइटी मागायचा अर्ज) भरून स्पीड पोस्टाने पाठवा, पोच जपा. त्याची 30 दिवसांची मुदत टळली म्हणून हक्क जात नाही. कंपनीने नाकारलं किंवा कमी दिलं, तर नियंत्रक प्राधिकाऱ्याकडे (ग्रॅच्युइटीचे वाद ऐकणारा सरकारी अधिकारी) नमुना 'एन'मध्ये अर्ज करा, 90 दिवसांत. उशीर झाला असेल तर कारणासह विलंबमाफीचा अर्ज जोडा. थकलेल्या रकमेवर सरळ व्याजही मागा, ते अर्जात लिहायचं हमखास राहतं.

आणि 'फुल अँड फायनल'वर (नोकरी सोडतानाच्या अंतिम हिशोबाचा कागद) सही करताना 'हक्क राखून' एवढं हाताने लिहा.