समुद्रातून काढलेला बिडाचा तोफगोळा वाळल्यावर का फुटतो?

खारं_पाणी: बुडालेल्या जहाजातला बिडाचा गोळा वर येतो तेव्हा अखंड दिसतो. कोरडा ठेवला की पापुद्रे सुटतात, अंगावर तपकिरी थेंब येतात. लाख मारून हे थांबतं का, की मुरवावाच लागतो? कशात, किती दिवस?

गंजशोध: लाख अजिबात नको. समुद्रात बिडातलं लोखंड विरघळून जातं आणि मागे ग्रॅफाइटची जाळी उरते. आकार तीच धरून ठेवते, पण नखाने ओरखडा उठेल इतकी ती मऊ असते. तिच्या छिद्रांत समुद्राच्या मिठातले क्लोराइड भरलेले असतात. हवा लागली की आतलं उरलेलं लोखंड झपाट्याने गंजतं. गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून वरचा थर आतून ढकलला जातो. लाखेखालीही हेच चालू राहतं.

आधी वजन करा. १० सेंमी व्यासाचा भरीव गोळा साधारण पावणेचार किलो भरायला हवा. बराच हलका भरला तर एकतर लोखंड गेलंय, नाहीतर तो पोकळ बाँबगोळा आहे. पोकळ असण्याची शंका जरी आली तरी ठोकू नका, भोक पाडू नका, तापवू नका. आतली दारू पेटू शकते. स्फोटकांच्या जाणकारांना बोलवा आणि एक्स-रे झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

तळघर: भरीव असल्याची खात्री झाली की क्लोराइड बाहेर काढायला २ टक्के कॉस्टिक सोड्यात मुरवा: १० लिटर पाण्याला २०० ग्रॅम. सोडा पाण्यात थोडा थोडा टाकायचा, सोड्यावर पाणी कधीच नाही, उकळून अंगावर उडतं. चष्मा, हातमोजे हवेतच. टाकी प्लास्टिकची, अ‍ॅल्युमिनियम किंवा जस्ताचा मुलामा असलेली चालत नाही, हायड्रोजन सुटतो.

दिवस मोजू नका, क्लोराइड मोजा. द्रावणाच्या नमुन्यात आधी नायट्रिक आम्ल घाला, मगच सिल्व्हर नायट्रेट (क्लोराइड ओळखणारं रसायन). आम्लाशिवाय तपकिरी साका बसतो आणि चाचणी फसते. क्लोराइड वाढायचे थांबले की द्रावण बदला. ताज्या द्रावणातही वाढत नाहीत, तेव्हा काम झालं. गोळ्याला कित्येक महिने, तोफेला वर्षं. हनली ही पाणबुडी २००० साली वर काढली, तिला कॉस्टिकची आंघोळ २०१४ मध्ये सुरू झाली.

क्लोराइड लवकर निघावेत म्हणून द्रावणात वीज लावायची घाई नको. प्रवाह जास्त झाला की बुडबुडे ग्रॅफाइटचा थर उडवतात, आणि गोळ्याचा मूळ पृष्ठभाग त्याच थरात असतो.

शेवटी शुद्ध पाण्यात धुवा, टॅनिक आम्लाचे हात द्या, मग वितळलेलं मायक्रोक्रिस्टलाइन मेण.

खारं_पाणी: लाकूड चिकटलेलं असेल तर?

गंजशोध: मग कॉस्टिक नाही, लाकूड खराब होतं. शक्य असेल तर वेगळं करा, तोवर दोन्ही ओलंच ठेवा. लोखंडाचे क्षार लाकडात राहू देऊ नका. १६२८ मध्ये बुडालेलं ‘वासा’ हे स्वीडनचं लाकडी जहाज १९६१ साली वर आलं. २००० मध्ये त्याच्या लाकडावर आम्लयुक्त क्षार फुटलेले दिसले. लाकडात मुरलेल्या गंधकाचं आम्ल झालं होतं, आणि त्याला बोल्टांच्या लोखंडाने हातभार लावला होता.