मॅड सीझन अर्धवट राहिला म्हणता, मग पूर्ण कशाला म्हणायचं?

टिळकवाडी९५:
परवा बेळगावात आरपीडी क्रॉसला चहा पिताना विषय निघाला आणि दोघा-तिघांनी सरळ सांगून टाकलं की मॅड सीझन हा काय बँड नव्हे, अमेरिकेतल्या सिएटलच्या नावाजलेल्या पोरांनी सुट्टीत केलेला टाइमपास, एक अल्बम काढला आणि संपले. मला ते लागलं म्हणून लिहायलोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, १९९४ ला पर्ल जॅम ह्या बँडचा गिटारवाला माइक मॅक्रेडी मिनेसोटात व्यसन सोडायच्या केंद्रात होता, तिथं त्याला जॉन बेकर साँडर्स हा बेसवाला भेटला. दोघं सिएटलला परत आले, स्क्रीमिंग ट्रीजचा ड्रमर बॅरेट मार्टिन सोबत आला आणि गायला अॅलिस इन चेन्सचा लेन स्टेली. मॅक्रेडीच्या मनात साधी गोष्ट होती, लेन हेरॉइनमध्ये बुडालाय, सुधारलेल्या माणसांत चार दिवस बसला तर सावरेल. मार्च १९९५ ला ‘अबव्ह’ हा अल्बम आला, अमेरिकेत गोल्ड झाला म्हणजे पाच लाख प्रतींचा टप्पा, त्यातलं ‘रिव्हर ऑफ डिसीट’ रेडिओवर वाजलं, एप्रिलात सिएटलच्या मूर थिएटरला शो केला. मग गप्प.

माझ्याकडं गोव्याच्या मामेभावानं भरून दिलेली नव्वद मिनिटांची कॅसेट होती, एका बाजूला ह्यातली गाणी आणि दुसऱ्या बाजूला घरातली नाट्यगीतं, कारण कोरी कॅसेट मिळाली नव्हती. ‘वेक अप’ सुरू होतं तेव्हा बेस इतका सावकाश येतो की मला पहिल्यांदा वाटलं टेपचे सेल उतरलेत. साडेसात मिनिटांचं गाणं आहे ते. टाइमपास करणारी माणसं असं वाजवत नाहीत.

खानापूरकर:
दादा, प्रेम समजतं, पण बँड म्हणजे संसार असतो की. गाडीत कोंबून फिरायचं, पैशावरून भांडायचं, दुसरा अल्बम पडला तरी तिसऱ्याला उभं राहायचं. ह्या चौघांचे संसार दुसरीकडं होते, इथं पाहुणे म्हणून जमले.

आणि माझा खरा राग वेगळा आहे. नशेचं कौतुक चाललंय. नावसुद्धा तिथलंच, इंग्लंडात सरे भागात पर्ल जॅमच्या ‘टेन’ अल्बमचं मिक्सिंग चालू होतं तेव्हा तिथं नशेची अळंबी उगवायचा जो मोसम, त्याला म्हणे मॅड सीझन. ज्या कामासाठी बँड काढला ते झालं का? साँडर्स जानेवारी १९९९ ला हेरॉइनच्या ओव्हरडोसनं गेला, लेन एप्रिल २००२ ला तसाच गेला. चारातले दोन. आपल्या गावाकडची पोरं हे ऐकून ‘दुःख असेल तरच गाणं येतं’ असं बोलायलीत, त्याचं काय करायचं?

उद्यमबाग_बेस:
खानापूरकर, शेवटचा मुद्दा मान्य, पण पाहुणे म्हणू नका. मी स्वतः बेस वाजवतो, उद्यमबागला फाउंड्रीच्या मागच्या शेडमध्ये आमची प्रॅक्टिस असायची, ड्रमर कन्नड, गिटारवाला कारवारकडचा कोकणी, मी मराठी, चार वर्षांत आमचं एक गाणं धड बसलं नाही. हे लोक आठवडाभरात सगळं वाजवून मोकळे झाले आणि ते घाईचं वाटत नाही, कारण कुणी कुणाच्या अंगावर जात नाही. ‘लाँग गॉन डे’ नीट हेडफोन लावून ऐका. मार्टिन ड्रम सोडून मरिंबा वाजवतो, म्हणजे लाकडी पट्ट्यांचं वाद्य, आपल्या काष्ठतरंगाच्या जातीतलं, त्यावर स्केरिकचा सॅक्सोफोन, आणि लेनच्या जोडीला स्क्रीमिंग ट्रीजचा मार्क लॅनेगन गातो, दोन आवाज, एक चिरा गेलेला आणि एक खोल विहिरीतला. ग्रंजच्या, म्हणजे सिएटलच्या त्या खरखरीत रॉकच्या, नावावर अशी चीज मला तरी दुसरी सापडली नाही.

आणि दुसरा अल्बम करायचा प्रयत्न झाला होता हो. लेनची तब्येत साथ देईना म्हणून लॅनेगनला पुढं करून नवीन नावानं करायचं ठरलेलं, पण साँडर्स गेला आणि ते राहिलं. त्यातली तीन गाणी लॅनेगनच्या आवाजात ‘अबव्ह’च्या २०१३ च्या आवृत्तीत आली.

निपाणीकर ताई:
मला संगीतातलं फार कळत नाही, भावामुळं हे ऐकलं. खानापूरकर दादा, तुम्ही विचारलंत ‘काम झालं का’, त्यावर बोलते.

माझा भाऊ पखवाज वाजवायचा आणि प्यायचा. आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळाच्या बुवांनी त्याला बोलावून घेतलं, अट एकच, एकादशीला कोरडा यायचं. पहिल्या महिन्यात हात इतका थरथरायचा की पुडीला कणीक लावताना ती जमिनीवर सांडायची, मी पुसायची. मग एकादशीची अट आठवड्याची झाली, आणि दोन वर्षं तो घरात नीट होता. आईबरोबर जेवला, माझ्या लग्नात धावपळ केली. नंतर पुन्हा सुरू झालं आणि तो गेला. लोक म्हणाले भजनाचा काय उपयोग झाला. मी म्हणते ती दोन वर्षं आम्हाला कुणी दिली मग? मॅक्रेडीनंही पुढं कबूल केलंय की आपण लेनला वाचवू हा त्याचा समज चुकला. तरी बोलावलं ना त्यानं. माझ्या लेखी बुवा आणि तो एकाच पंगतीतले.

खानापूरकर:
ताई, तुमचं वाचून गप्प बसलो होतो. ‘काम झालं का’ हे मी चुकीचं विचारलं, मागं घेतो. बाकी माझं मत तेच आहे, एका अल्बमावर बँड म्हणणार नाही, आणि पोरांसमोर लेनचं नाव घेताना २००२ पण सांगायलाच पाहिजे.

टिळकवाडी९५:
सांगूया की. मी तर आधी ‘रिव्हर ऑफ डिसीट’ लावतो आणि मग सांगतो. उद्यमबाग, २०१३ ची ती तीन गाणी मी ऐकलेली नाहीत, रविवारी येतो तुमच्याकडं. ताई, कॅसेट अजून चालते, भावासाठी ‘वेक अप’ पाठवू का?

निपाणीकर ताई:
पाठवा. दुसऱ्या बाजूची नाट्यगीतं पण.